आपलं नवं आपण

नव्वदच्या दशकात मी कल्याणच्या एका शाळेत शिकवायला लागले. तिथे दर जानेवारीत मुख्याध्यापिकाबाई मला गाठायच्या. "संक्रांतीचं तुम्हीच बोला हं. सुगीच्या सणांचा उगम. पाच मिनिटं बास. आणि त्यात राष्ट्रीय एकात्मता आली पाहिजे." आता पाच मिनिटांत उगम आणि एकात्मता दोन्ही कुठून आणायची? पण बोलायचे मी. आपल्याकडे संक्रांत, तिकडे पोंगल, पंजाबात लोहरी, आसामात बिहू; नावं निराळी, सूर्य एकच; शेतात पीक उभं राहिलं, माणसाला कृतज्ञता वाटली आणि सण सुरू झाला. मुलं तिळगुळाच्या डब्याकडे बघत बसायची. मीही तिकडेच बघायचे. घसा दुखत असायचा, आणि खरं सांगायचं तर त्या भाषणावर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता.

कृतज्ञता वाटून कोणी सण सुरू करत असेल तर करो बापडा. मी एकच सुगीचा सण अगदी पहिल्यापासून सुरू होताना पाहिला आहे. तो डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या वन रूम किचनमध्ये सुरू झाला. सुरू केला माझ्या आईने, आणि तो ती कंटाळली होती म्हणून.

आम्ही मूळचे कोकणातले. आमच्याकडे सुगीचा सण म्हणजे संक्रांत नव्हे, नव्याची पुनव. इकडे जिला कोजागिरी म्हणतात तीच. त्या दिवशी शेतातून नव्या भाताच्या लोंब्या आणायच्या. आंब्याच्या पानात एक लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल, झेंडू असं धरायचं आणि दोऱ्याने आवळून बांधायचं. त्या जुडीला 'नवं' म्हणतात. एक नवं दाराला, एक देवाला, एक तुळशीला, एक धान्याच्या कणगीला. माझे थोरले काका तर सायकलच्या हँडललाही बांधायचे. आणि नवं बांधल्याशिवाय नव्या तांदळाचा दाणा तोंडात घालायचा नाही, अगदी तान्ह्या पोराच्याही नाही.

हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, असं मी एकदा विचारलेलं. बाबा म्हणाले, "देवाचा मान असतो तो. आधी देवाला, मग आपल्याला."

आई ओट्यापाशी उभी होती. ती वळून म्हणाली, "देवाला काय करायचाय तुमचा तांदूळ? अगं, आश्विनापर्यंत कणग्यांचा तळ दिसायला लागतो. घरात पंधरा माणसं. एखादा जाऊन हिरव्या लोंब्या ओरबाडणार, भाजून गुपचूप खाणार. मग पोरं खाणार, मग सुना खाणार, पीक घरात यायच्या आधीच निम्मं गायब. म्हणून कुणीतरी शहाण्या म्हातारीने सांगितलं असेल, थोरला बांधेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. खायचं तर सगळ्यांनी एकदम. सण कसला, पंगतीचा नियम आहे तो."

"तुला सगळ्यात भांडणच दिसतं," बाबा म्हणाले.

"घर चालवणाऱ्याला दिसतंच," आई म्हणाली.

तर हा पंगतीचा नियम. त्याचाच पुढचा भाग असा, की एका चुलीला एकच नवं. घरातल्या थोरल्याने बांधायचं, ते सगळ्यांचं. धाकटे भाऊ मुंबईला असोत, बडोद्याला असोत, त्यांनी आपलं आपण बांधायचं नाही. आमच्यासाठी थोरले काका गावाहून नवं पाठवायचे. कोण येणारा असेल त्याच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दिवाळीनंतर ते पोचायचं तोवर वाळून कोळ झालेलं असायचं आणि निम्मे दाणे पिशवीच्या तळाशी. बाबा स्टुलावर चढून ते दाराच्या चौकटीला बांधायचे, दोन पावलं मागे येऊन बघायचे. बरोबर आलेल्या शेरभर तांदळाची आई खीर करायची. मग वर्षभर रेशनचा तांदूळ. त्याला नवं काय आणि जुनं काय! गोणीतून बाहेर पडला तो नवा.

पण दारावरचं ते वाळकं नवं म्हणजे आमच्या बिऱ्हाडाचा पत्ता होता. हे घर त्या घराचं आहे, असं ते सांगायचं. आणि गावातला प्रत्येक जण तो पत्ता बरोबर ओळखून यायचा.

किती माणसं आली म्हणून सांगू! इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरी शोधायला आलेले, मोतीबिंदू काढायला आलेले, मुलगी बघायला आलेले, परीक्षेला आलेले आणि परीक्षा होऊन गेल्यावरही न गेलेले. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली, असं म्हणतात. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी माणूस नुसता स्थिरस्थावर होत असे. विचारून येण्याचा प्रश्नच नव्हता. स्वतःच्या घरी येताना कोणी विचारतं का?

पाणी सकाळी तासभर यायचं, तेही बारीक. आई अंधारात उठून पिंप, कळश्या, बादल्या, शेवटी भातुकलीएवढी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. मग डबे. मग धुणं. दुपारी साड्यांना फॉल-बिडिंग करायची, त्यासाठी बायका गठ्ठे टाकून जायच्या. बाबा रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होते. त्यांची नखं कायम पिवळी, आणि बनियन आईने कितीही घासला तरी कधी निळसर तर कधी गुलाबी. संध्याकाळी हवा पडली की कंपन्यांचा वास घरात शिरायचा. खिडक्या लावाव्यात तर आत माणसं दाटलेली, उघड्या ठेवाव्यात तर डोळे चुरचुरतात. आई पदर नाकाला लावून भाकऱ्या थापायची. तिला कधी मोठ्याने चिडलेलं मी पाहिलं नाही. ती नुसती हळू होत गेली. आधी जिना चढताना एकदा थांबायची, मग प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी काकांचा धाकटा मुलगा, माझा चुलतभाऊ, आमच्याकडेच होता. त्याला बाबांनीच इस्टेटमध्ये चिकटवलेलं. मुलगा गुणी. पाण्याला उठायचा, कळश्या उचलायचा, मला गणितं समजावायचा. आईला तो आवडायचा. तो आणि बाबा बाहेरच्या खोलीत झोपायचे, मी आणि आई स्वयंपाकघरात. मी बारावीला. ओट्याखाली डोकं घालून अभ्यास करायचे, म्हणजे दिव्याचा उजेड झोपलेल्यांच्या तोंडावर पडत नसे.

त्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. बायको गावीच राहिली. आणि नवरात्रात गावचा एक माणूस निरोप घेऊन आला : "थोरल्यांनी सांगितलंय, दिवाळी झाली की सूनबाईला पाठवतो. खोली मिळेपर्यंत राहतील दोघं तुमच्याकडेच."

आईने त्याला चहा दिला, चिवडा दिला, दारापर्यंत पोचवलं. मग येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मी मनातल्या मनात जागा मोजत होते; तीही तेच करत असणार. नवीन जोडपं म्हटल्यावर त्यांना दार लावता येईल अशी जागा हवी, म्हणजे स्वयंपाकघर. मग बाबा आणि मी बाहेर. आणि आई? ग्रिलच्या गॅलरीत, पिंपाशेजारी. 'खोली मिळेपर्यंत' म्हणजे काय, ते आम्हाला पाठ होतं. आईला झोपायला तिच्याच घरात जागा उरली नव्हती.

बाबा आल्यावर ती म्हणाली, "या वेळेला नाही म्हणा."

"कुणाला?"

"कुणाला काय? भाऊजींना."

"दादाला?" बाबांनी असं विचारलं, जणू काही आईने देवाला नाही म्हणायला सांगितलं होतं.

त्यांचंही खोटं नव्हतं. वडील लवकर गेले तेव्हा थोरल्या काकांनी शाळा सोडून नांगर धरला, म्हणून धाकटा शिकला. काका स्वतः अनवाणी राहिले आणि बाबांना चपला घेतल्या. ही गोष्ट बाबांनी आम्हाला हजारदा सांगितलेली. पण भीड भिकेची बहीण, आणि बाबांच्या भिडेचे हप्ते आई फेडत होती.

"मी कधी काही मागितलं नाही," आई म्हणाली. "मला दागिना नको, साडी नको. मला हे घर माझं पाहिजे. कुणी यायचं असेल तर त्याने मला विचारून यावं. हो म्हणीन मी. पण विचारावं."

मग आईने अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "वेगळं व्हायचं म्हणजे करायचं काय असतं हो? कोर्टात जावं लागतं?"

बाबा त्रासून हसले. "कोर्ट कशाला? आमच्यात कागदबिगद लागत नाही. आपलं नवं आपण बांधायचं. झालं, वेगळं. आहे का हिंमत?"

ते वाक्य त्यांनी वाद मिटवायला टाकलेलं. नंतर ते हात धुवायला गेले आणि विसरूनही गेले असतील. आईने वाटाण्याच्या शेंगा सोलायला घेतल्या. मला वाटलं, झालं, नेहमीसारखं झालं.

पुनवेला सकाळी आई मला म्हणाली, "क्लास बुडव आज. मानपाड्याला जायचंय."

आमच्याकडे एक भाजीवाली यायची, तिकडच्या गावातली. माठ, भेंडी, दुधी, जे असेल ते घरच्या वाडीतलं. आई तिला पाणी द्यायची, ती आईला 'बाय' म्हणायची, एवढीच ओळख. तिचं भातशेत मानपाडा रोडच्या आत होतं. आम्ही चालत गेलो. उन्हाचा कहर. रस्त्याच्या एका अंगाला कंपन्यांच्या भिंती आणि दुसऱ्या अंगाला नाला; त्यातलं पाणी त्या दिवशी जांभळं होतं. आई मैलाच्या दगडावर बसली, उठली, पुन्हा पुढे एका कठड्यावर बसली. मी म्हटलं, "आई, अगं स्टेशनबाहेर लोंब्यांच्या जुड्या मिळतात की! दसऱ्याला ढीग होता नुसता. कशाला एवढी वणवण?"

"विकतचं नको," ती म्हणाली. "एवढं वर्षभर दमते, ते काय विकतचं दाराला लावायला?"

याला काय अर्थ होता, मला कळलं नाही. पण तिच्या तोंडाकडे बघून मी तिला उठायला हात दिला.

शेत दोन बांधकामांच्या मध्ये होतं. एकीकडे सळया वर आलेल्या, दुसरीकडे विटांचा ढीग, मध्ये ते पिवळं पडत आलेलं भात. भाजीवाली बांधावर होती. आई म्हणाली, नव्यासाठी चार लोंब्या हव्यात.

"तुमचे पुनवेला बांधतान? आमचे दसऱ्याला," ती म्हणाली. मग दोघी बायका कुणाचं बरोबर यावर थोडा वेळ बोलल्या, आणि कुणाचंच चूक नाही असं ठरलं. तिने विळ्याने मूठभर लोंब्या कापून दिल्या. "ने गो बाय. पन घरात तुझा मालक बांधील ना? बाईमानसानं बांधायचं नसतं."

"मालकाला स्टूल चढवत नाही," आई म्हणाली.

धडधडीत खोटं! मी आईकडे बघतच राहिले. भाजीवाली फिसकन हसली. तिला काय समजायचं ते समजलं असणार. तिने आणखी एक मूठ लोंब्या आईच्या पिशवीत कोंबल्या.

येताना आईने नाल्याच्या काठचं कुरडू तोडलं. कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनला विचारून आंब्याची पानं घेतली. झेंडू घरी देवाला आणलेला होता. नाचणीचं कणीस काही मिळालं नाही. आईने डब्यातली चिमूटभर नाचणी फडक्याच्या तुकड्यात बांधली आणि ती पुरचुंडी आंब्याच्या पानात खोवली. "नाचणी ती नाचणी," म्हणाली. फॉलचा दोरा तिच्याकडे होताच. मग स्टूल दारात ओढलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून वर चढली आणि चौकटीवरचं मागच्या वर्षीचं वाळकं नवं न काढता त्याच्या शेजारी हे बांधलं. खाली उतरून तिने बघितलंही नाही. आत गेली आणि आडवी पडली. दुपारची आडवी पडलेली आई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मला रडूच आलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

संध्याकाळी आधी चुलतभाऊ आला. चप्पल काढता काढता म्हणाला, "अरे वा, काकी! गावचं आलं? या वर्षी लवकर आलं की. आणि ताजं कसं एवढं?"

"गावचं नाही," आई आतून म्हणाली. "हे आपलं."

तो हसला. मग हसू तसंच ठेवून दाराकडे बघत राहिला, आणि मग ते गेलं. नेहमीसारखा हात धुऊन ताट वाढून घ्यायचा, त्या दिवशी भिंतीला टेकून बसून राहिला, आई वाढेपर्यंत. बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता.

बाबा आले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. मी दारातच होते, त्यांचं तोंड मला दिसत होतं. मला वाटलं, ओरडतील. उपटून टाकतील. त्यांनी हात वर केलासुद्धा. लोंबी नुसती बोटाने चाचपली, दाणा भरलाय का बघतात तशी, आणि आत आले. जेवताना आईने खीर वाढली. त्यांनी ती खाल्ली. वाटी खाली ठेवून म्हणाले, "मी थट्टेत बोललो होतो."

"मला माहितेय," आई म्हणाली. "मी नाही थट्टेत बांधलं."

पुढे दोघं कितीतरी दिवस कामापुरतं बोलत होते. दूध आलं का, शिफ्ट कुठली आहे, एवढंच. चुलतभाऊ दिवाळीला गावी गेला. तिकडे काय वादळ उठेल याची आम्ही वाट बघत बसलो. आई दिवाळीभर दाराची कडी वाजली की दचकायची. "हात दाखवून अवलक्षण करून घेतलं मी," असं एकदा म्हणालीसुद्धा. पण नवं काढलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि एका सकाळी थोरले काका स्वतः आले. एकटेच. धोतर, काळी टोपी, खांद्याला पिशवी. पिशवीतून वर्तमानपत्राची सुरळी बाहेर आलेली; त्यात काय आहे ते आम्हाला कुणी सांगायला नको होतं. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि वर बघितलं. एरवी ते जिन्यातूनच हाक मारत यायचे, "काय गो, चहा ठेव!" त्या दिवशी आत यायची वाट बघत उभे होते.

"कुणी बांधलं?" त्यांनी विचारलं.

बाबा पुढे झाले. पण त्यांच्याआधी आईने पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मी बांधलं, भाऊजी. यांना माहीत नव्हतं."

"लोंबी कुठची?"

"मानपाड्याची. ओळखीच्या बाईच्या शेतातली. विकत नाही आणली."

काकांनी मान हलवली. मग टोपी काढली, डोकं पुसलं आणि म्हणाले, "बरं केलंस."

आम्ही तिघंही बघत राहिलो.

"दमलो गो मी," ते म्हणाले. म्हणजे किती वर्षं ते तेवढंच एक वाक्य घेऊन फिरत होते कोण जाणे. "तुला वाटत असेल, गावात काय, बसून खातोय. इकडून कोणी आला की त्याची बडदास्त, गणपतीला तीस माणसांचं जेवण, सगळ्यांच्या वाटच्या जमिनीची मेहनत माझ्या एकट्याच्या पाठीवर. तुझ्या जावेचे गुडघे गेले. पोरं म्हणतात, वेगळं करा. पण मी थोरला. माझ्या तोंडून निघालं असतं तर गावाने म्हटलं असतं, भावाला बाहेर काढला. तुझ्या हातून झालं, सुटलो."

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. काकांचेही डोळे भरले. एकमेकांना न सांगता दोन टोकांना एकच ओझं धरून बसलेली ही दोन माणसं. आता दोघांनी एकदम खाली ठेवलं, आणि दोघांनाही हसावं की रडावं कळेना. काका आत आले, मुलासाठी जवळच कोपरला एक खोली बघितल्याचं सांगितलं, पोटभर जेवले. आईने इतक्या मोकळेपणी त्यांना कधी वाढलं नव्हतं. जाताना वर्तमानपत्राची सुरळी त्यांनी पिशवीतून काढली नाही. वेगळ्या घरात आपलं नवं कोणी देत नाही. तांदूळ तेवढे दिले, "भेट म्हणून घे," असं म्हणून.

या सगळ्यात बाबा कुठे होते, ते मला नंतर आठवायला लागलं. ते दाराजवळ उभे होते. दादाने बरं झालं म्हटलं, बायकोने बरं झालं म्हटलं, आणि ते दोघांकडे आळीपाळीने बघत होते. ते काकांना स्टेशनवर पोचवायला गेले आणि फार उशिरा परत आले.

तेव्हापासून दर वर्षी आमच्याकडे नवं बांधलं जातं. मानपाड्याचं ते शेत गेलं, मग दुसरीकडून, मग तिसरीकडून, पण आई मागूनच आणायची. शेजारच्या दोन-तीन घरांतही तिने जुड्या द्यायला सुरुवात केली. आज त्या बिल्डिंगमध्ये लहानाची मोठी झालेली मुलं म्हणतील, आमच्याकडे हा सण पूर्वापार आहे. असू दे. पाहुणे यायचे थांबले नाहीत. पण आता आधी विचारायचे, आणि आई हो म्हणायची. बारावीचा अभ्यास मी खोलीत बसून केला. आईचा जिना काही पुन्हा भरभर झाला नाही, पण रात्री तिला झोप लागायला लागली.

पुढल्या गणपतीला बाबा एकटे गावी गेले. आईला सुट्टी हवी होती, माझं कॉलेज. चार दिवसांसाठी म्हणून गेलेले बाबा दीड दिवसाचा गणपती असावा तसे परत आले. हातपाय धुतले, बाहेरच्या खोलीत बसले. आई साडीला फॉल लावत होती. तिने विचारलं, "कसे आहेत सगळे?"

"छान आहेत. दादाला नात झाली, आपल्याकडे राहायचा त्याला मुलगी. भात चांगलं आहे या वर्षी."

"आणि जाऊबाई? गुडघे कसे आहेत?"

काकूचं आणि बाबांचं नातं सांगायला हवं. ती त्या घरात लग्न होऊन आली तेव्हा बाबा सात-आठ वर्षांचे होते, आई नसलेले. तिने त्यांना न्हाऊ घातलं, त्यांच्या उवा काढल्या, चुलीपाशी मांडीला मांडी लावून जेवू घातलं. तिच्या तोंडी त्यांना 'अरे' आणि 'तू' सोडून दुसरं काही मी कधी ऐकलं नव्हतं. पन्नाशीच्या माणसाला ती अंगणातून ओरडायची, "अरे मेल्या, चिखलाचे पाय घेऊन कुठे चाललास?" आणि बाबा लहान मुलासारखे परत फिरायचे.

"गुडघे तसेच आहेत," बाबा म्हणाले. मग स्वतःची पिवळी नखं खरवडायला लागले. "मी नेहमीसारखा मागच्या दाराने चुलीकडे गेलो. वहिनी लगबगीने उठली. म्हणाली, 'अहो भाऊजी, इकडे कुठे धुरात? तुम्ही बाहेर बसा ना.'"

आईची सुई थांबली.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार," बाबा म्हणाले. "तिने पडवीत खुर्ची आणून ठेवली. बसलो."